वचनाचं कार्ड आणि यिर्मयाचं पत्र

दरवर्षी जानेवारी लागला की ठाणे-नवी मुंबईतल्या ख्रिस्ती मंडळींमध्ये एक वाद ठरलेला असतो, प्रॉमिस कार्डचा. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. थर्टीफर्स्टची रात्रीची उपासना संपत आली, बारा वाजले, हॅपी न्यू इयर करून झालं की एक टोपली फिरते. टोपलीत व्हिजिटिंग कार्डाएवढी लॅमिनेट केलेली कार्डं उलटी टाकलेली असतात, प्रत्येकाने एक उचलायचं आणि त्यावर जे वचन निघेल ते तुमचं वर्षभराचं. एका बाजूला उगवता सूर्य नाहीतर धबधबा आणि त्यावर वचन, मागे बारा महिन्यांचं कॅलेंडर, तेही इतकं बारीक की चाळिशी लावूनसुद्धा ऑगस्ट सापडत नाही. घरी जाताना रिक्षात एकमेकांना विचारायचं, तुला काय आलं? यंदा काही तरुण पोरांनी उघड म्हटलं की ही लॉटरी आहे, बंद करा, त्याऐवजी सगळ्यांनी अ‍ॅपवर वर्षभरात अख्खं बायबल संपवायचा प्लॅन घ्या. त्यावर ज्येष्ठ मंडळी भडकली, की लोकांच्या श्रद्धेशी खेळू नका, याच कार्डाने कितीतरी जणांना वाईट दिवसांत तारलंय. आणि आमचे कॅथलिक मित्र बाजूला उभं राहून गंमत बघत होते, की हे सगळं तुमच्याकडचं, आम्हाला मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना आहे, रोझरीची जपमाळ आहे, आमचं भागतं.

मला विचाराल तर तिघांचंही भांडण चुकीच्या जागी चाललंय. एक वचन, बायबलात प्रोटेस्टंटांची ६६ पुस्तकं की कॅथलिकांची ७३, रोज की रविवारी, म्हणजे सगळा हिशोब किती वाचायचं याचा. पण शास्त्र विश्वासणाऱ्याच्या आयुष्यात नेमकं करतं काय, हे कुणी विचारतच नाही. माझं म्हणणं असं आहे की शास्त्राची खरी किंमत ते माझ्या विरोधात बोलू शकतं यात आहे. जे मी स्वतःला कधीच सांगितलं नसतं ते मला सांगणारं काहीतरी माझ्या घरात आहे, आणि ते गप्प करणं माझ्या हातात नाही. जे पुस्तक मला फक्त माझ्याच मनातलं परत ऐकवतं त्याला देवाचं वचन कशाला म्हणायचं? आणि शास्त्राची ही विरोधात बोलायची ताकद मागचं-पुढचं तोडलं की जाते. म्हणून कार्डाबद्दल माझी तक्रार श्रद्धेवरून नाही, कात्रीवरून आहे.

उदाहरणाला सगळ्यात लाडकं वचन घेऊ, यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११. तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो, ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. हे वचन कार्डावर असतं, दहावीच्या निकालाच्या स्टेटसला असतं, नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलेलं असतं. पण हे वचन कुठून आलं? ते एका पत्रातलं वाक्य आहे. यरुशलेमेतून धरून बाबेलला म्हणजे बॅबिलोनला नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते पत्र पाठवलं आणि पाठवायचं कारण असं की तेव्हा एक दुसराच संदेश लोकांमध्ये फिरत होता. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात उभा राहून सांगतो की दोन वर्षांत सगळं ठीक होईल, राजा परत येईल, मंदिरातली भांडी परत येतील. यिर्मयाच्या मानेवर लाकडी जू होतं, ते काढून हनन्या सगळ्यांसमोर मोडून टाकतो. टाळ्या कुणाला मिळाल्या असतील सांगायला नको. त्यानंतर हे पत्र जातं आणि त्यात आकडा येतो ७० वर्षांचा. म्हणजे ज्यांच्या हातात ते पत्र पडलं त्यातले बहुतेक बाबेलमध्येच मरणार होते. आपल्या लाडक्या ११व्या वचनाच्या लगेच आधीचं, १०वं वचन हे आहे. आता सांगा, हनन्याकडे लॅमिनेशनचं मशीन असतं तर त्याने काय छापलं असतं? जे वचन गोड भविष्य विकणाऱ्याला उत्तर म्हणून लिहिलं गेलं तेच आपण गोड भविष्य म्हणून वाटतोय.

आमच्या घणसोलीच्या कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे कुणाच्या तरी घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, एकदा हा अध्याय सलग मोठ्याने वाचला होता. नेहमीची मीटिंग, चटईवर बायका, पुरुष भिंतीला टेकून, आत कुकर शिट्ट्या मारतोय. १०वं वचन झाल्यावर एक काकू म्हणाल्या, "थांबा जरा. म्हणजे ज्यांना लिहिलं ते तर गेलेच नाहीत की परत." कुणीतरी घाईघाईने समजावायला लागलं की त्याचा आध्यात्मिक अर्थ वेगळा आहे वगैरे, तर काकूंनी हात वर करून त्याला थांबवलं आणि म्हणाल्या, "मग त्यांना करायला काय सांगितलं ते वाचा." ते आहे ५ ते ७ मध्ये. घरं बांधा, मळे लावा, पोरांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याचं हित बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याचं भलं झालं तर तुमचं होईल. त्यानंतर तासभर जे बोलणं झालं ते कुठल्याच कार्डाने कधी झालं नसतं. नवी मुंबई हे सगळं बाहेरून आलेल्यांचंच शहर, कुणी नगरकडून आलं, कुणी सोलापूरकडून, कुणी केरळातून, आणि प्रत्येकाच्या मनात गाव वेगळं, इथे आपण नोकरीपुरते. सिडको १९७० साली निघाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं, आपण तिथे फ्लॅट घेतले, त्यात ११वं वचन फ्रेम करून लावलं, पण ज्यांची शेतं आणि मिठागरं गेली त्या आगरी-कोळी लोकांचा साडेबारा टक्क्यांचा, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन मिळण्याचा, प्रश्न आपल्या प्रार्थनेत किती वेळा आला? शहराचं हित बघा हे ७वं वचन पाळायला लागलं की ते महाग पडतं, वॉर्डाच्या पाण्यापासून कचऱ्याच्या गाडीपर्यंत सगळं तुमच्या अंगावर येतं. म्हणून ते कार्डावर नसतं. (आमच्याकडचे लोक परत आपल्याला बाबेलचे बंदिवान समजतात हे आणखी एक. जबरदस्तीने उचलून आणलं त्यांना, आपण लोन काढून आलो.)

आता समोरच्यांचे मुद्दे, आणि त्यातले काही खरंच जड आहेत. पहिला मुद्दा असा की आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर बसलेल्या माणसाला यिर्मयाचा इतिहास सांगणार का? तिथे एक ओळच पुरते. मान्य. पूर्ण मान्य. माणूस बुडत असताना त्याला अध्याय वाचायला सांगणं क्रूरपणा आहे. पण जरा बघा, आपल्या आज्यांना अशा वेळी काय आठवायचं? २३वं स्तोत्र. आणि त्यांना ते सहाच्या सहा वचनं पाठ असायचं, मेंढपाळापासून परमेश्वराच्या घरात राहण्यापर्यंत. कार्डावर पहिलं वचन येतं, मला काही उणे पडणार नाही. चौथं येत नाही, कारण त्यात मृत्यूच्या सावलीची दरी आहे आणि नव्या वर्षाच्या रात्री दरी कुणाला हवीये? पण बाकड्यावर बसलेल्या माणसाला चौथंच लागतं. ज्याला फक्त पहिलं माहीत आहे तो तिथे म्हणतो की मला तर सगळंच उणं पडलंय, मग देव खोटा की माझा विश्वास कमी? असे विश्वास सोडलेले लोक मी बघितलेत, बाहेरच्या कुणी त्यांना फितवलं नव्हतं, त्यांच्याकडे असलेला तुकडाच छोटा होता.

दुसरा मुद्दा त्याहून जड. ख्रिस्ती लोकांनी शेकडो वर्षं बायबल हातात न घेताच विश्वास जगला. नव्या करारात नेमकी कुठली २७ पुस्तकं हे बिशप अथनाशियसच्या पत्रात आज आहे तसंच्या तसं मिळतं ते इसवी सन ३६७ मध्ये, आणि त्यानंतरही हजार-अकराशे वर्षं छापखाना नव्हता. बहुतेकांना वाचताच येत नव्हतं. आपल्या ठाण्यात १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन मारले गेले, त्या काळी इथल्या मूठभर ख्रिस्ती घरांमध्ये कुणाच्या कपाटात बायबल असणार होतं? तर मग पुस्तकाशिवाय चालतं हे सिद्धच झालं की! नाही झालं. कारण निरक्षर माणसाला शास्त्र मिळायचं ते कानाने, आणि कानाने मिळणारं आपल्या तुकड्यापेक्षा खूप मोठं असायचं. पौल थेस्सलनीकाकरांना बजावतो की हे पत्र सगळ्या बंधूंना वाचून दाखवा, कलस्सैकरांना सांगतो की तुमचं वाचून झालं की लावदिकियाकडे पाठवा. त्या पत्रांना वचनांचे नंबरच नव्हते, नव्या करारातले आजचे नंबर रॉबेर एस्तिएन या छापखानेवाल्याने १५५१ मध्ये घातले. त्याआधी अमुक अध्याय अमुक ओवी असं काढून खिशात ठेवणं आजच्यासारखं सोपं नव्हतंच.

आणि हे आम्हा मराठी माणसांना कुणी बाहेरून शिकवायला नको. आपल्याकडे पारायण आहे. गुरुचरित्राचा सप्ताह बसतो, ज्ञानेश्वरीचं पारायण होतं, हार्बरच्या डब्यात सकाळी लोक पोथी काढून कालच्या खुणेपासून पुढे वाचतात. फादर थॉमस स्टीफन्सला हे चांगलं कळलं होतं. इंग्लंडमधून आलेला हा माणूस, पण १६१६ मध्ये त्याने जे छापलं ते सुमारे ११ हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण, आदामापासून थेट येशूपर्यंत. सुटी सुटी वचनं द्यायची असती तर चार पानांत काम झालं असतं. पण त्याच्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती, कथा कुठून सुरू होते आणि कुठे जाते हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं. निरक्षरांसाठी त्याने ११ हजार ओव्या लिहिल्या आणि आम्ही ग्रॅज्युएट लोक एका कार्डावर खूश! आता पारायणाचीसुद्धा खोड असते हे मला माहीत आहे, अर्थ बाजूला आणि संपवण्याचं पुण्य हातात. ती खोड वर्षभराच्या प्लॅनवाल्या आमच्या पोरांना बरोब्बर लागलीये. अ‍ॅपमध्ये स्ट्रीक तुटू नये म्हणून रात्री ११:५५ ला लेवीयचे तीन अध्याय अंगठ्याने वर ढकलायचे आणि झोपायचं. त्यापेक्षा कार्ड बरं, निदान ते फ्रिजवर लावल्यावर परत परत दिसतं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला या सगळ्या वादात फार महत्त्वाचं वाटतं आणि त्याच कारणासाठी कुणी ते काढत नाही. संस्कृतात एवढा अधिकार असलेली बाई, कलकत्त्याच्या पंडितांनी पदव्या दिलेल्या. केडगावला तिच्या मुक्ती मिशनमध्ये तिच्याभोवती कोण होतं? दुष्काळातून आणलेल्या बायका, विधवा, टाकलेल्या मुली. अशा बायकांसाठी काय करायला हवं होतं असं आजच्या हिशोबाने वाटतं? दिलाशाची शंभर वचनं, छोटी पुस्तिका, मोठा टाइप. रमाबाई त्याऐवजी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची शेवटची वर्षं अख्खं बायबल साध्या मराठीत आणण्यात घालवली, म्हणजे वंशावळ्या, यज्ञांचे नियम, इतिहासाची पुस्तकं, सगळं. खिळे जुळवायचं, छापायचं काम मुक्तीतल्याच बायकांनी केलं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. ज्यांना आयुष्यभर शास्त्र ऐकायचाही अधिकार नाही असं सांगितलं गेलं होतं त्यांच्या हातात अर्धं शास्त्र द्यायचं नाही, हा त्यांचा हट्ट मला नुसता भाबडेपणा वाटत नाही. कुणासाठी कुठलं वचन योग्य हे निवडून देणारा माणूस आला की सत्ता आली. टोपलीतली कार्डं कोण निवडतं हा प्रश्न आपण कधी विचारलाय का? वेदांचा अर्थ आम्हालाच ठाऊक, बाकीच्यांनी नुसता भार वाहावा, असं देहूचा वाणी म्हणू शकला तो निवडून दिलेल्या चार ओळींच्या जोरावर नव्हे.

इथे तिसरा मुद्दा येतो आणि तो फादर लोकांकडून जास्त येतो, की लोकांच्या हातात सगळं दिलं की लोक वाटेल ते अर्थ काढतात. गुलामगिरी बायबलमधून सिद्ध केली गेली, दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद बायबलमधून सिद्ध केला गेला, आणि प्रत्येक गल्लीत एक नवा पंथ. खरंय, नाकारण्यात अर्थ नाही. पण १८०७ सालची एक गोष्ट बघा. ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली त्याच वर्षी लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी म्हणून एक खास बायबल छापलं गेलं. त्यात इस्राएल लोक मिसरच्या गुलामीतून सुटले ती निर्गमातली कथा काढून टाकलेली. दास नाही, स्वतंत्र नाही, ख्रिस्तात सगळे एकच, हे गलतीकरांच्या पत्रातलं वचन काढलेलं. दासांनो, धन्यांच्या आज्ञेत राहा, हे ठेवलेलं. मालकांना भीती कशाची होती? अख्ख्या पुस्तकाची. कापल्याशिवाय त्यांना ते वापरता येईना. आणि हे तंत्र फार जुनं आहे, मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान स्वतः ९१व्या स्तोत्रातलं वचन काढून येशूला देतो, देवदूत तुला झेलतील, मार उडी. आजच्या भाषेत ते एकदम परफेक्ट प्रॉमिस कार्ड आहे, वचन खरं, संदर्भ बरोबर. येशू ते खोटं आहे असं म्हणत नाही, तो म्हणतो असंही लिहिलंय, आणि जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातलं दुसरं वचन पुढे ठेवतो. ज्याच्याकडे दुसरं वचन नाही त्याने काय करायचं? उडी मारायची?

तरी मी हे म्हणणार नाही की सगळं वाचलं की सगळं सुटतं. यहोशवाच्या पुस्तकात शहरंच्या शहरं कापून काढलीत, तो भाग संदर्भासकट वाचला की जास्तच त्रास होतो, कमी नाही. तिथे मला सोपं उत्तर देणाऱ्या पाळकावर माझा विश्वास बसत नाही. म्हणून एकट्याने वाचायचा हट्ट मला पटत नाही आणि या ठिकाणी फादरांचं बरोबर आहे. प्रेषितांच्या कृत्यांत तो कूशी अधिकारी रथात बसून यशया वाचतोय, फिलिप्प धावत जाऊन विचारतो की तुला कळतंय का, तो सरळ म्हणतो, कुणी समजावल्याशिवाय कसं कळणार? मात्र फिलिप्प त्याच्या हातातली गुंडाळी काढून घेत नाही. तो रथात चढून शेजारी बसतो. कॅथलिक चर्चनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६५ मध्ये लिहूनच ठेवलंय की शास्त्राचं दार भाविकांना सताड उघडं असलं पाहिजे, तेव्हा आमचं मिस्सावर भागतं म्हणणाऱ्या मित्रांनी तो कागद एकदा बघावा. आणि आमच्या प्रोटेस्टंट लोकांनीही नाक फार वर करू नये, कारण मिस्सामध्ये तीन वर्षांच्या चक्रात जितकं शास्त्र वाचलं जातं तितकं आमच्या कित्येक मंडळ्यांमध्ये, जिथे पास्टर वर्षभर आपल्या आवडीच्या पाच-सहा उताऱ्यांवरच फिरत असतो, तिथे दहा वर्षांतही वाचलं जात नाही. आणि आमची घोषणा काय, तर सोला स्क्रिप्तुरा, फक्त शास्त्र म्हणे!

राहिला नेहमीचा टोमणा, की वाचून काय होतं, जगण्यात दिसलं पाहिजे, अमुक काका रोज पहाटे बायबल वाचतात आणि सोसायटीत पार्किंगवरून शिव्या देतात. असे काका सगळ्यांना माहीत आहेत. पण त्यांच्याविरुद्ध तुम्ही जो मुद्दा मांडताय तो याकोबाच्या पत्रातला आहे, वचन नुसतं ऐकणारे होऊ नका. आमोस तर देवाच्या तोंडून सांगतो की तुमची गाणी बंद करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. म्हणजे वाचकाची खोड काढायची सोय पुस्तकाने आतच करून ठेवलीये. परस्त्रीला घेतलेल्या दावीद राजाला नाथान संदेष्ट्याने गोष्ट सांगितली, एका गरिबाच्या एकुलत्या कोकराची, दावीद तिसऱ्याच कुणावर संतापला आणि मग नाथान म्हणाला, तो माणूस तूच. गोष्टीला मागचं-पुढचं होतं म्हणून दावीद फसला. नाथानाने नुसतं परस्त्रीचा अभिलाष धरू नको असं कार्ड दिलं असतं तर राजाने ते सिंहासनामागे फ्रेम करून लावलं असतं.

वेळ नाही ही सबब मी मोजून बघितली आहे. फिलिप्पैकरांस पत्र, ज्याच्यातलं मी सर्वकाही करायला शक्तिमान आहे हे वचन जिमच्या टीशर्टवरसुद्धा असतं, ते चार अध्यायांचं आहे आणि मोठ्याने वाचलं तरी पंधरा-वीस मिनिटांच्या आत संपतं. ठाण्याहून पनवेल गाडीत बसलात तर तुर्भे यायच्या आत होतं, आणि मग कळतं की लिहिणारा कैदेत होता, आणि त्या वचनाच्या आधीचं वाक्य उपाशी राहायलाही शिकलोय असं आहे. तेव्हा पुढच्या थर्टीफर्स्टला कार्डं बंद करा असं मी म्हणत नाही, बंद केली तर अर्धी मंडळी शेजारच्या चर्चला जाईल हे कमिटीलाही माहीत आहे. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक कार्डामागे ते न दिसणारं कॅलेंडर काढा आणि तिथे पूर्ण उताऱ्याचा संदर्भ छापा, वचन ११ असेल तर ४ ते १४. आणि जानेवारीतल्या कॉटेज मीटिंगमध्ये ज्याला जे आलं त्याने तो अख्खा उतारा सगळ्यांसमोर वाचायचा, शेजारच्याने त्याला प्रश्न विचारायचे. छपाईचा खर्च तेवढाच येतो, मी चौकशी केलीये. कमिटीतल्या एकांनी मला सांगितलं की असं केलं तर लोकांना आलेलं वचन आवडणार नाही, काही जण बदलून मागतील. मी म्हटलं, मागू द्या की, बदलून का हवं ते त्यांनी मीटिंगमध्येच सांगावं, त्या दिवशीचा अभ्यास तिथूनच सुरू करू.